टी-१ ते अवनी : पांढरकवड्याच्या वाघिणीचे माध्यमचरित्र

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटी गावाजवळच्या जंगलात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री एक वाघीण गोळी घालून ठार करण्यात आली. वन विभागाच्या दप्तरी तिची नोंद 'टी-१' अशी होती. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि आंतरजाल यांवर ती 'अवनी' होती. जून २०१६ पासून सुमारे सव्वादोन वर्षांत राळेगाव-पांढरकवडा परिसरात झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर ठेवण्यात आला होता. या तेराही मृत्यूंना तीच जबाबदार होती काय, तिला बेशुद्ध करून पकडणे शक्य होते काय, गोळी झाडताना विहित कार्यपद्धती पाळली गेली काय, हे प्रश्न न्यायालयांत आणि चौकशी समित्यांपुढे गेले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनेही मोहिमेच्या पद्धतीवर आक्षेप नोंदविले. त्या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. एरवी ज्याच्याकडे कॅमेरा वळत नाही अशा तालुक्यातील घटना लोकप्रिय संस्कृतीच्या हाती पडली म्हणजे तिच्यातील कोण पडद्यावर येते आणि कोण गळून जाते, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

नावाचा प्रश्न

आरंभ नावापासूनच केला पाहिजे. जिम कॉर्बेटच्या लेखनात नरभक्षक जनावराला गावाचे नाव असते. चंपावतची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबळ्या, अशी ती नावे आहेत. कॉर्बेटच्या हिशेबानुसार चंपावतच्या वाघिणीने १९०७ मध्ये मारली जाईपर्यंत ४३६ माणसे मारली होती. जनावराला गावाचे नाव देण्यात एक अर्थ अनुस्यूत आहे. नाव उच्चारताच ज्या प्रदेशाने ते भय सोसले तो प्रदेश डोळ्यांपुढे येतो आणि कथेचा केंद्रबिंदू गावातच राहतो. कॉर्बेट गोऱ्या साहेबाच्या जागेवरून लिहितो हे खरे. परंतु गवत कापावयास गेलेली बाई, संध्याकाळी लवकर बंद होणारी दारे, वाट बदलून जाणारा वाटसरू यांना त्याच्या पानांवर जागा आहे.

वाघांना व्यक्तिनामे देण्याची रीत पुढे पर्यटनाने रूढ केली. रणथंभोरची 'मछली', ताडोबाची 'माया' ही नावे पर्यटक व मार्गदर्शक यांच्या तोंडी रुळली. विदर्भातीलच नागझिरा आणि उमरेड-कऱ्हांडला येथे वावरलेला 'जय' हा तर 'शोले'मधील जय. चित्रपटातील नायकाचे नाव वाघाला मिळाले आणि २०१६ मध्ये तो दिसेनासा झाल्यावर नायक हरवल्याप्रमाणेच बातम्या झाल्या. असे असले तरी या वाघांना नाव देणाऱ्यांनी त्यांना निदान प्रत्यक्ष पाहिले होते. पांढरकवडा विभागातील टी-१ चा वावर पर्यटनाच्या क्षेत्रात नव्हता. शेते, झुडपी जंगल आणि गावे यांच्या सरमिसळीत ती राहत होती. 'अवनी' हे नाव तिला वन्यजीवप्रेमी कार्यकर्त्यांच्या वर्तुळात मिळाले व तेथून ते जगभर गेले. ग्रामीण बोलीत वाघाचे नाव घेण्याचे टाळून नुसते 'जनावर' म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीत भय आहे तसा आदरही आहे. 'अवनी' हा तत्सम शब्द, अर्थ 'पृथ्वी'. शहरातील मध्यमवर्गीय घरात अलीकडे मुलीला हौसेने ठेवले जाणारे नाव. या नावाने वाघिणीला एकाच वेळी कन्येचे लाडकेपण आणि वसुंधरेचे प्रतीकत्व मिळाले. तिची दोन बछडी तेव्हा साधारण १० महिन्यांची होती, त्यामुळे तिसरी प्रतिमा, मातेची, आपोआपच जोडली गेली.

'लेट अवनी लिव्ह' ही घोषणा ट्विटरवर पसरली ती या तीन प्रतिमांच्या बळावर. घोषणेमागील कळवळा खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. एका संरक्षित प्राण्याच्या जिवासाठी शेकडो मैलांवरील माणसे अस्वस्थ होतात ही समाजाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या घोषणेच्या रचनेत मृत माणसांना प्रवेशद्वारच नव्हते. वाघिणीला नाव होते, माणसांना संख्या होती. त्यांतील बहुतेक जण शेतकरी आणि गुराखी. कोणी गुरे राखावयास गेलेला, कोणी शेतात काम करीत असलेला. ऑगस्ट २०१८ या एकाच महिन्यात तीन माणसे गेली. जिल्ह्याबाहेरील वाचकाला त्यांपैकी एकाचेही नाव आज आठवत असेल असे वाटत नाही. येथे एक उपरोधही नोंदवावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील मृत शेतकऱ्याला संख्येत बसविण्याची सवय प्रसारमाध्यमांना त्यापूर्वीच्या दशकातच जडलेली होती. आत्महत्यांची आकडेवारी वाचून सरावलेल्या डोळ्यांना हा आणखी एक आकडा होता.

सुगंधाची बातमी

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि मोहिमेला वेग आला. कॅमेरा सापळे, आमिष म्हणून बांधलेले घोडे व शेळ्या, हत्ती, ड्रोन, पॅराग्लायडर, नामवंत गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे केन कोर्सो जातीचे श्वान, असा सरंजाम राळेगावच्या रानात उतरला. पण जगाचे लक्ष वेधले ते या सरंजामाने नव्हे, एका अत्तराच्या बाटलीने. केल्व्हिन क्लाइन कंपनीचे 'ऑब्सेशन फॉर मेन' हे सुगंधी द्रव्य वाघिणीला आकर्षित करण्यासाठी वापरले जाणार, ही बातमी ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेपासून युरोपपर्यंत छापली गेली आणि आंतरजालावर विनोदाचा विषय झाली.

वस्तुतः त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. न्यूयॉर्क येथील ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ मध्ये मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांपुढे निरनिराळी अत्तरे ठेवून पाहण्यात आली, तेव्हा हेच अत्तर त्यांना अधिक वेळ खिळवून ठेवते असे आढळले. पुढे ग्वाटेमालाच्या अरण्यात जॅग्वार कॅमेऱ्यापुढे थांबावेत म्हणून संशोधकांनी ते वापरले. त्यातील सिव्हेटोन हा घटक मुळात जवादी मांजराच्या ग्रंथींतून मिळणाऱ्या द्रव्याचा. अत्तरात तो कृत्रिम रीतीने बनविलेला असतो. 'जवादी' हा सुगंध मराठीला अपरिचित नाही, जुन्या कोशांत हा शब्द आहे. म्हणजे शास्त्रीय आधार असलेली आणि पूर्वी अन्यत्र करून पाहिलेली ही युक्ती होती. बातमीने मात्र तिचा आधार सोडून तिचे विचित्रपण तेवढे उचलले. महागडे परदेशी अत्तर आणि मागास जिल्ह्यातील वाघीण यांचा विरोधाभास हेच तिचे भांडवल होते.

विचित्र बातमीचा स्वभावच असा की ती वाचकाला कुतूहल देते आणि जबाबदारीतून मोकळे करते. त्याच महिन्यात मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती तळावरून सुटला व त्याच्या हल्ल्यात राळेगाव तालुक्यातील एका महिलेचा मृत्यू झाला. तिला वाघिणीने मारले नव्हते. तिचा मृत्यू वाघिणीला पकडण्याच्या व्यवस्थेतून ओढवला होता. घटनाक्रमात याहून गंभीर प्रसंग क्वचितच असेल. अत्तराची बाटली लोकांच्या स्मरणात राहिली, ही बाई राहिली नाही. स्मरणाची ही निवड एका संपादकाने किंवा एका वाहिनीने केली असे म्हणता येत नाही. जे पुढे पाठवले जाते तेच टिकते, या नियमाने ती झाली.

वाघीण मारली गेल्यावर परिसरातील गावांत फटाके फुटले. दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती. ही दृश्ये वाहिन्यांनी दाखविली आणि ती पाहून दूरच्या प्रेक्षकाला गावकरी क्रूर वाटले. येथे कॅमेऱ्याने असत्य दाखविले नाही. त्याने कालक्रम तोडला. नोव्हेंबरचा आरंभ म्हणजे या भागात कापूस वेचणीचा हंगाम. वेचणी हे बव्हंशी बायकांच्या हातचे काम. वाकून, बोंडांवर डोळे ठेवून, ओटीत कापूस भरत ओळीने पुढे सरकावे लागते आणि पाठीमागे काय आहे हे दिसत नाही. शेताच्या धुऱ्यापलीकडे जंगल असेल तर हे काम भयाच्या छायेत कसे होत असेल याची कल्पना विदर्भातील वाचकाला सांगावी लागणार नाही. माणसे जथ्याने शेतावर जात होती, दिवस मावळण्यापूर्वी परतत होती. फटाक्यांच्या दृश्याआधी एक मिनिट जरी हे वेचणीचे दृश्य आले असते तरी त्या फटाक्यांचा आवाज वेगळा ऐकू आला असता. वाघीण मारणे योग्य ठरले असते असे नव्हे. फटाके वाजविणारी माणसे कळली असती.

पडद्यावरील जंगल

या पार्श्वभूमीवर अमित मसुरकर दिग्दर्शित 'शेरनी' (जून २०२१) या हिंदी चित्रपटाचा विचार करावा लागतो. ही कथा पांढरकवड्याच्या घटनेची नोंदवही नाही. ती मध्य प्रदेशातील एका कल्पित वनविभागात घडते. तरी नरभक्षक ठरविलेली वाघीण, दोन बछडी, खासगी शिकारी आणि वन खात्यातील महिला अधिकारी यांमुळे प्रेक्षकांनी तिचा संबंध टी-१ शी जोडला. विद्या बालन यांनी साकारलेल्या नायिकेत पांढरकवडा विभागाच्या तत्कालीन उपवनसंरक्षक के. एम. अभर्णा यांचे प्रतिबिंबही पाहिले गेले.

आंतरजालाने जे केले त्याच्या तुलनेत चित्रपट कितीतरी अधिक विवेकी आहे. त्यात वाघिणीला लाडके नाव नाही, ती 'टी-१२' आहे. ती क्वचितच दिसते. गावकरी मूर्ख नाहीत आणि संतही नाहीत. चराईच्या जमिनीवर झाडे लावली गेल्याने गुरे जंगलात न्यावी लागतात, ही तक्रार चित्रपट गांभीर्याने ऐकतो. वाघिणीच्या वाटेवर खाण आडवी येते हेही तो दाखवितो. विजय राज यांनी रंगविलेले हसन नूरानी हे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणारे प्राध्यापक तर या चित्रपटाचे विशेष देणे म्हणावे लागेल. गावात जाऊन लोकांशी त्यांच्या पातळीवर बोलणारा, अधिकार नसलेला पण माहिती असलेला असा शिक्षक हिंदी पडद्यावर फारसा दिसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्या अनेकांना त्यात ओळखीचा माणूस भेटेल.

तथापि चित्रपटाचे शीर्षकच त्याच्या मर्यादेची खूण आहे. 'शेरनी' हा शब्द काटेकोर अर्थाने सिंहिणीचा. बोलीत तो वाघिणीलाही लावला जातो आणि धाडसी स्त्रीला तर सर्रास. शीर्षकाचा रोख अखेर अधिकारी स्त्रीकडे वळतो. भ्रष्ट, आळशी पुरुषी यंत्रणेत एकटी पडलेली प्रामाणिक अधिकारी ही कथा महत्त्वाचीच आहे, परंतु ती प्रामुख्याने कचेरीची कथा आहे. जंगलकाठच्या माणसाचे भय तेथे कथानकाला गती देण्यापुरते येते. घटनास्थळ बदलल्याने आणखी काही निसटले. काळी जमीन आणि कापसाचे पीक गेले, केळापूर-राळेगावच्या पट्ट्यातील कोलाम वस्त्या गेल्या, वऱ्हाडी बोली गेली. दिग्दर्शकाने अन्य राज्य निवडले हा त्याचा अधिकार आहे व त्याबद्दल त्याला दोष देणे अप्रस्तुत ठरेल. मात्र ज्या प्रेक्षकाने पांढरकवड्याविषयी केवळ या चित्रपटातून जाणले, त्याच्या मनातील जंगल घनदाट सालवनासारखे असणार. राळेगावचे जंगल तसे नाही. ते शेतात मिसळलेले आहे, आणि वाद नेमका त्या मिसळण्यातून निर्माण झालेला आहे.

या मिसळण्याची दुसरी बाजू त्याच जिल्ह्याने पुढच्याच वर्षी पाहिली. टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ शेतांतून, नाल्यांच्या काठाने, महामार्ग ओलांडत तेलंगणाचा काही भाग आणि मराठवाडा पार करून डिसेंबर २०१९ पर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याचे अंतर १३०० किलोमीटरच्या वर गेले होते. 'वॉकर' या नावाने तो जगभर कौतुकाचा विषय झाला. ज्या आंतरजालाने अवनीसाठी शोक केला त्यानेच वॉकरचा नकाशा आनंदाने पाहिला. त्या नकाशावरील रेघ हजारो शेतांतून गेलेली आहे. रात्री त्या शेतांत पाणी देणारे, राखण करणारे लोक होते आणि वाघ त्यांच्या बाजूने निघून गेला, ही या प्रवासातील सर्वांत विलक्षण गोष्ट होती. नकाशात ती दिसत नाही. कारण तेथे रेघेखाली कोरा कागद आहे.

'शेरनी'च्या शेवटी वाघीण मारली जाते, पण तिची बछडी वाचतात. गावकऱ्यांनी त्यांना जपलेले असते. नायिकेची बदली एका संग्रहालयात होते, जेथे भुसा भरलेली जनावरे काचेआड उभी आहेत. प्रत्यक्षात टी-१ च्या दोन बछड्यांपैकी मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आली. तेथे कुंपणाआड वाढवून मार्च २०२१ मध्ये तिला मोकळ्या जंगलात सोडले गेले आणि त्याच महिन्यात, दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीतील जखमांनी, ती मरण पावली. चित्रपट प्रदर्शित होण्यास तेव्हा तीन महिने अवकाश होता. दप्तरी ती 'पीटीआरएफ-८४' होती. बातम्यांनी तिला 'अवनीची मुलगी' म्हटले.