पॉसेनिअसचें ग्रीस-वर्णन

प्राचीन ग्रीस पाहण्यास निघालेल्या प्रवाशानें बरोबर कोणतें पुस्तक घ्यावें असें कोणीं विचारल्यास आम्ही पॉसेनिअसचें ‘ग्रीस-वर्णन’ सांगूं. मात्र तें वाचणें सुखाचें आहे असें आमच्यानें म्हणवणार नाहीं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत, रोमन अंमलाखालीं, आशिया मायनरमधील या गृहस्थानें ग्रीस पायाखालीं घातला व त्याची हकीकत दहा खंडांत लिहिली. वंशावळी, मूर्ति, थडगीं, वेद्या यांची मोजदाद इतकी कीं, वाचकास एखाद्या क्षेत्रोपाध्यायाच्या वहीची आठवण व्हावी.

त्याची निवडही चमत्कारिक आहे. पार्थेनॉनच्या दर्शनी त्रिकोणांतील शिल्पांचे विषय तो सांगतो, आंतील सुवर्ण-हस्तिदंती अथीना वर्णितो. पण भिंतीभोंवतीं कोरलेली मिरवणुकीची पट्टी, जी पाहण्यास आज लोक लंडन व अथेन्स येथील संग्रहालयांत जातात, तिचा उल्लेखही करीत नाहीं. त्यास हवा होता तो स्वतंत्र ग्रीस, आणि तो तर इ. स. पूर्वीं १४६ मध्यें कॉरिंथबरोबरच पडला होता.

घरीं बसून यानें जुनीं पुस्तकें उतरून काढलीं, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकांतील कांहीं जर्मन पंडितांनीं घेतला. त्यास उत्तर कुदळीनें दिलें, आणि तीही जर्मनांचीच! ऑलिंपियास हेराच्या देवळांत प्राक्सितेलीजचा संगमरवरी हर्मीस, कडेवर बाल डायोनायसस, असें त्यानें नोंदलें होतें. १८७७ सालीं तशी मूर्ति त्याच देवळांत निघाली. ती मूळची कीं मागाहूनची नक्कल हा वाद चालू आहे. स्थळ मात्र चुकलें नाहीं.

परंतु ग्रंथाचें खरें मोल आर्केडियाच्या आठव्या खंडांत आहे. आरंभीं ग्रीकांच्या पुराणकथा आपणांस खुळचट वाटत, पण येथें येईतों त्यांत जुन्या ज्ञात्यांचीं कोडीं दिसूं लागलीं, अशी कबुली तो याच खंडांत देतो. फिगालियास तो मुख्यतः काळ्या डेमीटरसाठीं गेला. तेथील रिवाजाप्रमाणें त्यानें पशु मारला नाहीं. गुहेपुढील वेदीवर द्राक्षें, मधाचें पोळें व न धुतलेली लोकर ठेवून वर तेल ओतण्याची तेथें चाल. ओनाटासनें घडविलेली देवीची ब्राँझची मूर्ति मात्र नव्हती. एके काळीं ती होती हेंही गांवांतील बहुतेकांस ठाऊक नव्हतें! भेटलेल्यांपैकीं सर्वांत वृद्ध होता त्यानें सांगितलें कीं, तीन पिढ्यांपूर्वीं छतांतील दगड कोसळून ती चिरडली. पॉसेनिअस शोक करीत नाहीं, अलंकार वापरीत नाहीं. दगड निखळल्याच्या खुणा छतांत अजून स्पष्ट होत्या, एवढें नोंदवून पुढें चालूं लागतो. ज्या लेखकास आम्ही वहीवाला म्हटलें, त्याच्या वहींत हीं चार वाक्यें नसतीं तर त्या मूर्तीचा शेवट कसा झाला हें आज कोण सांगता?

इंग्रजी वाचकांनीं फ्रेझरचें १८९८ चें भाषांतर पाहावें. टीपांसह त्याचे सहा भाग प्रवासाच्या पेटींत मावणारे नव्हत. निदान ऑलिंपियाचा व आर्केडियाचा मजकूर तरी उतरून न्यावा.