मेंदी आणि मन

अदिबा जायगीरदार यांची ‘द हेना वॉर्स’ (२०२०) ही कादंबरी आम्ही हाती घेतली ती केवळ नावातल्या मेंदीसाठी. डब्लिनमधील मुलींच्या शाळेत व्यवसायाची चढाओढ लागते. बांगलादेशी घरातील निशात मेंदी काढावयाचे ठरविते. आणि ब्राझिली आईची लेक फ्लाव्हियाही तेच! आपल्या घरची कला परकीने सहज उचलावी, हे निशातला बोचते. आणि जी बोचते, तिच्यावरच तिचा जीव जडतो.

प्रेम जमले म्हणून भांडण खोटे ठरत नाही, हे लेखिकेने नेमके ओळखले आहे. निशातचा राग फ्लाव्हियाला समजून घ्यावाच लागतो. शाळेतील दुष्टावा जरा ठळक रेघांनी रंगविला आहे, हे खरे; परंतु मुलीचे मन मुलींकडे ओढ घेते हे कळल्यावर आईबापांनी धरलेले मौन वाचताना घशाशी आवंढा येतो. स्त्रियांच्या अशा प्रेमाची अखेर शोकातच करण्याची जुनी खोडही येथे नाही. म्हणूनच पुस्तक मिटताना मन प्रसन्न होते.

२०१५ साली आयर्लंडने जनमत घेऊन समलिंगी विवाहास मान्यता दिली. घरच्या उंबरठ्याला मात्र वेळ लागतो. मेंदी तरी लावल्याबरोबर कुठे रंगते?