डॉजने लावलेली आग

पोलीस आयुक्त, अग्निशमन दलाचे प्रमुख, आपत्ती व्यवस्थापनातले वरिष्ठ अधिकारी यांना नेतृत्व शिकवायचे म्हणजे शिकवणाऱ्याचाच कस. समोरच्या माणसाने पंचवीस-तीस वर्षे हुकूम सोडलेले असतात, चौकशी समितीपुढे जबानीही देऊन झालेली असते. त्याला ‘यशस्वी नेत्याचे सात गुण’ सांगायला गेलात तर तो अदबीने मान डोलावतो आणि टेबलाखाली मोबाइल बघतो. अशा वर्गात टिकणारा मजकूर थोडाच. कार्ल वाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा मान गल्चवरचा निबंध त्यांपैकी एक. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’ या नियतकालिकात तो १९९३ साली आला. वणवे विझवणाऱ्या अमेरिकन दलांच्या प्रशिक्षणात त्याचा ठसा आजही दिसतो.

घटना ५ ऑगस्ट १९४९ची. मोंटाना राज्यात मिसूरी नदीच्या काठी मान गल्च नावाची घळ आहे. तिथे वीज पडून वणवा लागला. पंधरा स्मोकजम्पर, म्हणजे आगीपाशी पॅराशूटने उतरणारे जवान, विमानातून उतरले. खाली एक वनरक्षक दुपारपासून एकटाच आगीशी झुंजत होता, तो त्यांना मिळाला. या सोळांपैकी तेरा जण मेले. एकाच्या घड्याळाचे काटे ५.५६ला थांबलेले सापडले. जवान चारच्या सुमारास उतरले होते, म्हणजे सगळे मिळून दोन तासही झाले नाहीत.

वाइक घटनास्थळी हिंडले नाहीत, वाचलेल्यांच्या मुलाखतीही त्यांनी घेतल्या नाहीत. नॉर्मन मॅक्लीन यांचे ‘यंग मेन अँड फायर’ हे मरणोत्तर, १९९२ साली निघालेले पुस्तक त्यांनी समोर ठेवले आणि ते ओळ न् ओळ वाचले. हा निबंध स्वतःच एक रसग्रहण आहे, आणि त्याची खरी गोडी तपशील निवडण्यात आहे.

पहिला तपशील सकाळच्या दहाचा. दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची, हे अमेरिकन वनखात्याचे तेव्हाचे, १९३५पासूनचे धोरण. विमानातून खाली पाहताना जवानांनी या आगीला मनातल्या मनात ‘दहाची आग’ ठरवून टाकले. एकदा शिक्का बसला की डोळे शिक्क्याप्रमाणे पाहू लागतात. उतरल्यावर म्होरक्या वॅगनर डॉज त्या वनरक्षकाला घेऊन जेवायला बसला आणि तुकडीला त्याने दुय्यमाच्या हाती पुढे पाठवले. एक जवान चालता चालता फोटो काढत होता. वाइक या गोष्टींवर टीका करत नाहीत, नुसत्या ओळीने मांडतात. साहेब जेवतो आहे म्हणजे फार काही नाही, हा हिशोब आपल्याकडच्या कुठल्याही चौकीतला हवालदारही करील. डॉजने तोंडाने काही सांगितले नव्हते, त्याच्या जेवणानेच निरोप गेला होता. शिकवणाऱ्याने इथे पाच मिनिटे गप्प बसावे. वर्गातला प्रत्येक जण आपापली ‘जेवणे’ आठवू लागतो.

मग डॉज परत तुकडीला मिळतो. पुढे दोनशेएक यार्डांवर आग घळ ओलांडून अलीकडे आलेली त्याला दिसते. तो सगळ्यांना मागे वळवतो. कमरेला लागायला आलेल्या वाळल्या गवतातून उभा चढ चढायचा, आणि मागून येणारी आग मिनिटाला सहाशे फुटांवर वेग घेणारी. डॉज ओरडतो, अवजारे टाका. आणि लगेच थांबून, वाकून, काडी ओढून समोरचे गवत पेटवतो. जळून काळ्या पडलेल्या जागेत या, आडवे व्हा, असे तो सांगतो. एकही जण येत नाही.

सह्याद्रीत उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणाऱ्या वनमजुराला यातले तर्कशास्त्र सांगावे लागणार नाही: जळलेले गवत पुन्हा जळत नाही. पण जाळरेषा सावकाशीने, कडेला माणसे उभी करून काढतात. पाठीवर वणवा असताना पुढेही आग लावणारा माणूस पाहिला तर तोच मजूर काय समजेल? डॉज त्या राखेत पालथा पडला, तोंडावर ओला रुमाल धरून, आणि जगला. मागाहून चौकशीत हा उपाय त्याला तिथल्या तिथे सुचला होता असेच निघाले.

वाइक यांची लेखणी सर्वांत धारदार होते ती इथे. सोपा निष्कर्ष समोर होता: जवान घाबरले, शिस्त मोडली. वाइक तो घेत नाहीत. त्यांचे म्हणणे, दहशत आधी आली नाही, आधी तुकडी विस्कटली. कुऱ्हाड-फावडे हातात असलेला माणूस आग विझवणारा असतो. ते टाक म्हटल्यावर तो कोण उरतो? हुकूम देणारा आता आगच लावतो आहे, तर तो तरी कोण? भूमिका गेल्या की माणसे एकटी पडतात, आणि एकट्याला पळण्यावाचून काही सुचत नाही. यात डॉज मितभाषी, शिवाय तुकडीबरोबर सराव न केलेला. त्याचे उत्तर शंभर टक्के बरोबर होते आणि त्याचा तुकडीला कवडीचा उपयोग झाला नाही. बरोबर निर्णय म्हणजे नेतृत्व, असे मानत बढत्या घेतलेल्या माणसाला हे वाक्य पचत नाही. म्हणूनच ते त्याच्यासमोर ठेवायचे.

अवजारांचा धागा वाइक यांनी १९९६मध्ये पुन्हा हाती घेतला. मधल्या काळात, १९९४ साली, कोलोरॅडोतल्या साउथ कॅन्यनच्या आगीत चौदा जण गेले होते. त्यांतही ओझी न टाकता पळालेली माणसे होती. या दुसऱ्या लेखाचा वर्गात मात्र नारा होऊन बसतो: अवजारे टाका! कसली अवजारे, तर जुन्या सवयी, जुनी कार्यपद्धती, वगैरे. मला हा प्रकार आवडत नाही. मूळ निबंधातली कुऱ्हाड कुऱ्हाडच आहे, तिला रूपक करून टाकले की तिचे वजन जाते.

त्यापेक्षा स्टाफ राइड बरी. प्रशियन सैन्याची ही जुनी पद्धत: अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष रणभूमीवर न्यायचे आणि तिथे उभे करून विचारायचे, या क्षणी तुला काय दिसते आहे, काय माहीत आहे? अमेरिकन वणवा दलांनी ती उचलली. बोटीने मान गल्चला जायचे, तोच चढ चढायचा, जो जिथे पडला तिथे त्याच्या नावाची खूण आहे. पुढे काय झाले हे ठाऊक असलेला माणूस चटकन न्यायाधीश होतो. धाप लागली की जरा कमी होतो.

निबंधाचा उत्तरार्ध पातळ आहे हेही सांगितले पाहिजे. संघटना तग कशी धरील याची चार कलमे वाइक देतात आणि भाषा एकदम प्राध्यापकी होते. त्यातले एक कलम असे, की परस्परांवर विश्वास ठेवणारे दोघे असले तरी बचाव होऊ शकतो. दाखला सॅली आणि रम्सी यांचा. हे दोघे एकमेकांना धरून पळाले, कड्यातल्या एका कपारीतून पलीकडे निघाले आणि वाचले. ठीक. पण मॅक्लीन यांच्याच पुस्तकात एक तिसरा जवान त्या कपारीपर्यंत जवळजवळ त्यांच्यासोबत पोचलेला दिसतो. तो आत शिरला नाही, पुढे गेला आणि मेला. सिद्धांताच्या सोयीसाठी वाइक त्याच्याजवळ फार थांबत नाहीत. गुन्ह्याचा तपास केलेला एखादा अधिकारी वर्गात असेल तर पहिला हात त्याचाच वर होईल, आणि तो हात वर होईपर्यंत शिकवणाऱ्याने कलमे फळ्यावर लिहू नयेत.