क्रमांक मिळाला, गाव हरवलं
(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

रोमन नाणी म्हटलं की आपल्याकडे सोनं-चांदी आठवतं. दक्षिण भारतात जी सापडली त्यातली नावाजलेली तशीच आहेत. आज बोलायचंय ते वेगळ्या नाण्यांबद्दल. साम्राज्याच्या पूर्व भागात, म्हणजे आजचा तुर्कस्तान, सीरिया, ग्रीस, बल्गेरिया या पट्ट्यात, शेकडो शहरं स्वतःची नाणी पाडत होती. बहुतेक ब्राँझची. एका बाजूला सहसा सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गावाचं आपलं काहीतरी: आपलं देऊळ, आपली नदी, आपला मान. फ्रिजियातल्या अपामियानं तर चक्क नोहाची नौका छापली आणि तिच्यावर ग्रीक अक्षरांत त्याचं नावही घातलं.

या नाण्यांना आधी ‘ग्रीक इम्पीरियल’ म्हणायचे. जणू ग्रीक नाण्यांचं उरलंसुरलं शेपूट. १९९२ साली बर्नेट, आमाँद्री आणि रिपोलेस यांनी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’चा पहिला खंड काढला, इ.स.पू. ४४ ते इ.स. ६९ या काळाचा. जुने कॅटलॉग शहरवार लावलेले असायचे. इथे मांडणी आधी काळानुसार आणि मग प्रदेशानुसार. त्यामुळे एकाच राजवटीत शेजारशेजारची शहरं काय करत होती, ते एका नजरेत दिसायला लागलं. आज हे काम इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतं. माझ्या मते नाणकशास्त्रातलं हे गेल्या पन्नास वर्षांतलं फार मोठं काम आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी तक्रार करणार आहे.

तक्रार अशी. या कॅटलॉगमध्ये प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे, आणि लंडन, पॅरिस, बर्लिन अशा ठरावीक मोठ्या संग्रहांत त्याचे किती नमुने आहेत तो आकडाही आहे. अभ्यासकानं हा आकडा केला तो अभ्यासासाठी. पण लिलावाची यादी उघडून बघा. तिथे तोच आकडा किंमत सांगतो. ‘फक्त दोन नमुने ज्ञात.’ आणि त्याहून वरचा मान कुठला? ‘कॅटलॉगमध्ये नाही!’ आता बघा, दोनच नमुने मोठ्या संग्रहांत आहेत याचा अर्थ इतकाच, की त्या संग्रहांकडे दोन पोचले. जमिनीत किती होते, बाजारपेठेत किती फिरले, याबद्दल तो आकडा गप्प आहे.

मग जमिनीबद्दल कोण बोलतं? नाणं सापडल्याची जागा. सोनं-चांदी लांब जाते, पण हे ब्राँझ साधारणपणे आपल्या गावाच्या आसपासच खपायचं. म्हणूनच ते लांब कुठे सापडलं तर ती बातमी असते. युफ्रेटिसच्या काठावरच्या दुरा-युरोपोसचं उत्खनन १९२०-३० च्या दशकांत झालं. तिथल्या हजारो नाण्यांवर बेलिंजर यांचा अहवाल १९४९ मध्ये आला. त्यात काळ्या समुद्राकडच्या पाँटस प्रांतातल्या शहरांची नाणी आहेत. कुठे पाँटस, कुठे युफ्रेटिस! सैन्याच्या हालचाली, कुठली तुकडी कुठून आली, हे प्रश्न त्या सुट्ट्या पैशांमुळे विचारता आले. तेच नाणं जागेविना हातात आलं असतं, तर ‘पाँटस, मध्यम दर्जा’ एवढंच उरलं असतं.

दुसरं उदाहरण. इ.स. २११ च्या अखेरीस काराकाल्लानं सख्ख्या भावाला, गेटाला मारलं आणि त्याचं नाव, त्याचा चेहरा सगळीकडून पुसायला लावला. कारियातल्या स्ट्रॅटोनिकियाच्या मोठ्या ब्राँझ नाण्यांवर दोघं भाऊ समोरासमोर आहेत. त्यातल्या काहींवर गेटाचा चेहरा घासून, ठोकून काढलाय. आज संग्राहक या नाण्यांवर तुटून पडतात, आणि त्यात काही चूक नाही. कुणाच्याही अंगावर काटा येईल अशीच ती वस्तू आहे. पण कित्येक शहरांच्या नाण्यांवर गेटा तसाच राहिला. का? हुकूम पोचला नाही? की पोचूनही कुणी मनावर घेतलं नाही? खोडलेली कुठे सापडली आणि न खोडलेली कुठे, हे कळलं असतं तर उत्तराच्या जवळ जाता आलं असतं. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री शेत उकरणारा माणूस नाणं विकतो, उत्तर तिथेच मातीत राहतं.

आता कुणी म्हणेल, सगळं खापर संग्राहकांवर का? बरोबर आहे. इम्होफ-ब्लूमर स्वतः संग्राहकच होते. त्यांचा संग्रह १९०० साली बर्लिनला गेला आणि आज त्यावर विद्या उभी आहे. त्यातल्याही कित्येक नाण्यांची जागा माहीत नाही. संग्रहालयांचे हातही स्वच्छ नाहीत. शिवाय आजही नवे प्रकार उजेडात येतात ते अनेकदा खाजगी संग्रहांमुळेच. पण माझी अडचण नेमकी इथेच आहे. कॅटलॉग नव्या क्रमांकांनी फुगत जातो, आणि प्रत्येक क्रमांकामागे एक हरवलेलं गाव असू शकतं. ज्ञान वाढल्यासारखं दिसतं, आणि त्याच व्यवहारात ते कमीही होतं.

म्हणून कॅटलॉगकडून माझी एक अपेक्षा आहे. खणून निघालेलं नाणं आणि बाजारातून आलेलं नाणं हा फरक प्रत्येक नोंदीत पहिल्या नजरेत दिसावा, शोधावा लागू नये. आणि संग्राहकांकडून दोन. तुर्कस्तानात १९८३ पासूनचा कायदा असं नाणं देशाबाहेर न्यायला मनाई करतो, तेव्हा घेण्याआधी ‘हे कुठून आलं’ असं विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर हात मागे घ्या. आणि जुन्या संग्रहातलं नाणं घेतलंत तर त्याच्यासोबतची मळकी, चुरगळलेली चिठ्ठी फेकू नका. नाण्याचा फोटो आता कुठेही मिळेल. त्या चिठ्ठीवर गावाचं नाव असेल, तर ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.