मुदतीआधी मोडलेली ठेव

नऊ वर्षांची ठेव मोडून कुणी वर्षभराच्या हुंडीत पैसे घालू लागला, तर आम्ही बँकवाले त्याला आधी खुर्ची देतो आणि मग घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारतो. टोरांटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाने २०१८ साली नेमके हेच केले. डेमार डरोझन हा नऊ वर्षे राबलेला घरचा गडी. त्याला सॅन अँटोनिओला धाडले आणि कवाय लेनर्डला आणले. तोही वर्षभरात मोकळा होऊ शकणारा! प्रशिक्षक ड्वेन केसी यांना आधीच नारळ दिला होता. पुढे त्या मोसमातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले तेच!

पण हिशेब बघा. क्लीव्हलँडने यांना लागोपाठ तीन वर्षे प्लेऑफमधून घरी पाठवले होते, त्यातली शेवटची दोन ४-० अशी. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध लेनर्डचा चेंडू रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला, आणि शेवटी गोल्डन स्टेटला ४-२ हरवून पहिले अजिंक्यपद मिळाले. ड्युरांट-थॉम्पसनच्या दुखापतींचे व्याजही जमेस धरा. महिन्याभरात लेनर्ड लॉस एंजेलिसला गेला.

निर्णय बरोबर होता, मी सही करतो. मात्र डरोझनची नऊ वर्षे कोणत्या खात्यात लिहायची, तो धडा आम्हाला कॉमर्सला नव्हता.