पोपड्यांसकट अजिंठा

वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये, आय. एम. काद्री यांनी उभारलेल्या त्या पांढऱ्या जाळीदार मनोऱ्यात, भारताचा इतिहास चौदा दालनांत मांडला आहे. अस्सल पुराणवस्तू पाहायच्या म्हणून आलेला माणूस तिथे हिरमुसतो. बहुतेक कारभार प्रतिकृती, छायाचित्रे आणि रेखाटनांचा. नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. मला मात्र तिथे हटकून आठवतात ती याच शहरातल्या पोरांनी केलेली एक जुनी, प्रचंड नक्कल आणि तिच्यातले बारकावे.

रॉबर्ट गिलने 1844 पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात बसून भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर उतरवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली गेली आणि 1866 च्या आगीत त्यांतली जवळजवळ सगळी जळाली. (गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांची कहाणी आपल्याला पाठ असते, चित्रे नसतात.) मग 1872 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन वाघोरा नदीच्या त्या नालाकृती वळणावर दाखल झाले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी मंडळी त्यांच्यासोबत होती. 1885 पर्यंत, मधले खंड धरून, सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागली आणि शंभराहून अधिक प्रती गेल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आपल्यासाठी आहेत ते 1896-97 मध्ये छापलेले ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड.

तेव्हा कॅमेरा नव्हता का? होता की. गिलनेच लेण्यांची छायाचित्रे काढली आणि ती 1864 मध्ये वास्तुकलेचा अभ्यासक फर्ग्युसन याच्या पुस्तकात आली. पण त्या काळातली ओल्या कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला चटकन भुलायची, तांबड्या-पिवळ्याकडे मात्र जवळजवळ आंधळी. आणि अजिंठ्याची सारी माया गेरू आणि पिवळ्या मातीत! गेरूची सावळी कांती त्या काचेवर काळवंडून जायची आणि राजावर्ताचा निळा पांढराफटक पडायचा. खांब, कमानी, चैत्याचे कोरीव मुख यांच्या बाबतीत छायाचित्र अप्रतिम. चेहऱ्यापाशी आले की कुंचल्याला पर्याय नव्हता.

सोळाव्या लेण्यातली ‘मरणासन्न राजकन्या’ हे ग्रिफिथ्सच्या खंडातले पान उघडून बसावे. मंचकावरची ती स्त्री उशीवर डावा हात टेकून आहे, पण तो हात भार पेलत नाही, नुसता तिथे राहिला आहे. मान कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोटांतला जीव गेलेला. मागून दासीने तिला सावरून धरले आहे. आता नजर जराशी बाजूला न्या. एकीने छातीवर हात ठेवला आहे आणि ती राजकन्येकडे एकटक पाहते आहे. दुसरी, बाह्यांची चोळी घातलेली, पंखा हलवते आहे. दारातून पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा डोकावतो. शेजारच्या दालनात इराणी टोपीचा माणूस कलश घेऊन उभा आहे. खाली बसलेली एक स्त्री हातात तोंड लपवून रडते आहे. घरात कोणी अत्यवस्थ असताना जी हलक्या पावलांची धावपळ असते, बाकी तीच आहे. पुढे अभ्यासकांनी ही बुद्धाचा सावत्रभाऊ नंद याची पत्नी सुंदरी असल्याचे ओळखले: नवऱ्याने दीक्षा घेतली, त्याचा मुकुट परत आला आणि ती कोसळली. ग्रिफिथ्सच्या काळी कथा अशी लागलेली नव्हती. कथा ठाऊक नसताना त्या कललेल्या मानेचा नेमका कोन प्रतीत उतरला आहे. अर्थ आपल्या पदरचा न घालता रेषेमागून जाणे किती अवघड, ते कॉपी करायला बसलेल्यालाच कळते.

यापुढचा बारकावा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. मुळात जिथे गिलावा उडाला होता, तिथे प्रतीतही तो उडालेलाच आहे. पोपडे, भेगा, अर्धे गेलेले खांदे, सगळे जसेच्या तसे. गळलेला हात कल्पनेने जोडायचा मोह विशीतल्या, हात शिवशिवणाऱ्या चित्रकाराला झाला नसेल? पण हातांनी संयम पाळला. त्यामुळे या प्रतींत दोन काळ एकदम सापडतात: चित्राचा आणि 1870-80 च्या दशकांतल्या भिंतीचा. आज भिंतीवर पुसट झालेले किंवा पार गेलेले कितीतरी तपशील त्यांच्यामुळे शोधता येतात.

दोष आहेत, आणि रसिकाने ते झाकू नयेत. मूळ चित्र चुन्याचा हात दिलेल्या कोरड्या गिलाव्यावरचे, पाण्यातल्या रंगाचे, प्रत तैलरंगातली. म्हणून तिला एक जड, तपकिरी झाक येते, आणि अजिंठ्याच्या रंगाचा तो मातकट कोरडेपणा हरवतो. शिवाय चित्र स्पष्ट दिसावे म्हणून भिंतीवर वॉर्निश चढवले गेले, त्याचा त्रास पुढे झाला. 1920 नंतर निजामाने आणवलेल्या इटालियन कारागिरांच्या शेलॅकनेही पिवळेपणाची भर घातली. जपणाऱ्यांनीच थोडे बिघडवले, हे मान्य करूनही मी ते खंड हातातून सोडत नाही.

माझे ऐकाल तर दुसरा खंड आधी उघडा, तो छतांचा आणि नक्षीचा. पहिल्या लेण्याच्या छतावरच्या मद्यपानाच्या चौकटीत परदेशी पाहुणे बसले आहेत: निमुळत्या टोप्या, दाढ्या आणि पायांत चक्क पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. फर्ग्युसनने त्यात इराणचा बादशहा पाहिला. अभ्यासकांना आता ते पटत नाही. मोज्यांचे पट्टे मात्र शाबूत आहेत. आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावरची हंसांची रांग पाहाच. एकाची मान मागे वळलेली, एकाची पंखात खुपसलेली, कुणाची चोच उघडी. एका हंसाचा डौल दुसऱ्याला नाही. इतक्या हंसांपैकी एक साचा काढून उरलेले छापून टाकले असते, तरी मुंबईत कुणाला कळले नसते.