‘सापडले’ या क्रियापदाचा कर्ता : पुरावस्तूंच्या ऑनलाइन विक्रीची भाषा आणि नीती

नाशिक शहरातून पश्चिमेस निघणारा गंगापूर रोड ज्या गंगापूर-गोवर्धन परिसराकडे जातो, त्यातील गोवर्धन हे नाव पांडवलेण्यांच्या शिलालेखांत आलेले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा जो दानलेख आहे, त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्याच नहपानाची चांदीची नाणी आज आंतरजालावरील विक्रीयाद्यांत विनासायास पाहावयास मिळतात. नाण्याचे छायाचित्र, किंमत आणि दोन-तीन ओळींचे वर्णन एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. या व्यवहाराची चर्चा बहुधा कायद्याच्या किंवा फसवणुकीच्या अंगाने केली जाते व ती आवश्यकही आहे. तथापि ते दोन-तीन ओळींचे वर्णन हाही परीक्षणास पात्र असा एक भाषिक दस्तऐवज होय. आणि व्यवहारातील नैतिक दोष प्रथम तेथेच, वाक्यरचनेत, प्रकट होतो.

अशा वर्णनांतील आवडते क्रियापद ‘सापडणे’ हे आहे. मराठीत ते अकर्मक आहे. ज्यास वस्तू लाभली तो वाक्यात चतुर्थीने येतो आणि गाळला तरी वाक्य मोडत नाही. ‘शेतात सापडलेले नाणे’, ‘वाड्यात सापडलेली मूर्ती’ ही रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु कोणास, केव्हा आणि कोणत्या गावी, हे तीनही प्रश्न तीत सहज बुजतात. ‘उकरणे’ किंवा ‘काढणे’ ही सकर्मक क्रियापदे योजली असती, तर कोणी उकरले हा प्रश्न वाचकाच्या मनात लगेच उभा राहिला असता. विक्रेता हे हेतुपुरस्सर करतो असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. भाषेने दिलेली सवलत मात्र येथे व्यवहाराच्या नेमकी उपयोगी पडते.

‘अस्सल’ या शब्दाचे भवितव्यही असेच उद्‌बोधक आहे. दफ्तराच्या भाषेत ‘अस्सल’ म्हणजे मूळ कागद, व त्याचा प्रतियोगी शब्द ‘नक्कल’. कागद अस्सल आहे की नाही, हे त्याच्यावरील शिक्का-मोर्तब, त्याचे हस्ताक्षर आणि तो कोणत्या दफ्तरातून निघाला यांवरून ठरत असे. म्हणजे अस्सलपणा हा दाखवून देण्याचा, तपासून घेण्याचा गुण होता. विक्रीयादीत तो केवळ विशेषणाच्या पायरीवर उतरला आहे; पुराव्याची जागा विशेषणाने घेतली आहे.

या दोन शब्दांनी काय गमावले जाते, हे पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्यातीलच जोगलटेंभी येथील निधीचे उदाहरण पुरेसे आहे. १९०६ मध्ये मिळालेल्या या निधीत नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे वर्णन क्षहरातांच्या वंशाचा उच्छेद करणारा असे करविले आहे. प्रशस्तिलेखातील विधानास अतिशयोक्तीची शंका नेहमीच चिकटलेली असते. जोगलटेंभीच्या निधीने त्या विधानास स्वतंत्र आधार दिला. हा आधार कोणत्याही एका नाण्यात नाही. तो पुनर्मुद्रित व मूळ नाण्यांच्या प्रमाणात आहे, ती एकत्र असण्यात आहे आणि ती कोठे मिळाली हे ज्ञात असण्यात आहे. तीच नाणी सुटी सुटी होऊन शंभर घरी गेली असती, तर प्रत्येक ग्राहकाच्या हाती खरे नाणे आले असते आणि इतिहासाच्या हाती काहीच उरले नसते. वाक्यातून सुटलेला शब्द कोशात राहू शकतो. पण त्या वाक्याने काय सांगितले होते, हे मात्र तो सांगू शकत नाही.

हस्तलिखितांच्या बाबतीत ही हानी भाषाभ्यासकास अधिक जवळून जाणवेल. पोथीची सचित्र पाने सुटी करून विकली की लेखकाचे नाव, शक आणि स्थळ सांगणारी अखेरची पुष्पिका एका हाती व उर्वरित पाने दुसऱ्या हाती जातात. मग त्या पानांतील विभक्तिरूपे कोणत्या काळाची व कोणत्या प्रदेशाची, याचा निर्णय अनुमानावरच सोडावा लागतो.

ग्राहकाचा स्वतःचा धोकाही लहान नाही. ठशाने पाडलेले नाणे आणि साच्यात ओतलेली नक्कल यांतील भेद वजन, कड आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे पाहून करावा लागतो. छायाचित्रात यांतील फारच थोडे उतरते. १९७२ च्या पुरावस्तुविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे वा शिल्प, तसेच वाङ्मयीन वा ऐतिहासिक मूल्याचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही. जमिनीत दडलेला मौल्यवान निधी मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे. ‘शेतात सापडलेले’ हे विशेषण म्हणूनच केवळ आकर्षक नव्हे. अनेकदा ते नकळत दिलेला कबुलीजबाब असते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो उपेक्षणीय नाही. संग्राहकाने वस्तू घेतली नाही तर ती सोनाराच्या मुशीत जाईल, असे म्हटले जाते. नाणकशास्त्राचा पुष्कळसा विकास खाजगी संग्राहकांच्या आस्थेवर झाला, हेही खरे. परंतु वस्तू वाचविणे आणि तिची माहिती वाचविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. जो ग्राहक प्राप्तिस्थान न विचारता पैसे मोजतो, तो पुढच्या विक्रेत्यास प्राप्तिस्थान लपविण्यात तोटा नसल्याचे शिकवितो. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने रघूजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांस मिळविली. पात्यावरील देवनागरी अक्षरांमुळे तिचा धनी ओळखता आला. ती नागपुराहून कशी गेली, याविषयी मात्र लूट आणि भेट अशा दोन्ही शक्यता बोलल्या गेल्या. लेख नाव राखतो; वाट राखण्यासाठी कोणीतरी ती लिहून ठेवावी लागते.

ती लिहून ठेवण्याची रीत या भूमीस अपरिचित नाही. उषवदाताच्या लेखात दाता कोण, रक्कम किती, ठेव कोणाकडे, व्याज काय दराने, हे सर्व सांगितले आहे. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला २४० कार्षापणे येतात, आणि वीस भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी बारा, हा हिशेबही तंतोतंत जुळतो. शेवटी हे दान निगमसभेत ऐकविले गेले व रिवाजाप्रमाणे नोंदविले गेले, असेही त्यात म्हटले आहे. चार लोकांत उच्चारता येईल आणि नोंदवहीत लिहिता येईल, असा तो व्यवहार होता. नहपानाचे नाणे आज विकत घेऊ पाहणाऱ्याने एवढीच कसोटी लावावी : ‘सापडले’ या क्रियापदास कर्ता, स्थळ आणि काळ देऊन ते वाक्य सभेत वाचून दाखविता येईल काय? येत नसेल, तर नाणे अस्सल असूनही तो व्यवहार खोटा आहे.